वर येण्याचा तास

आमच्या गावचं कॉलेज तळ्याच्या तळाशी असल्यामुळे अकरावी-बारावीत आम्ही मुलांना पाण्यात श्वास घ्यायला शिकवतो. मी दाभाडे. हा विषय माझ्याकडे आहे, आणि आपल्याच तोंडानं सांगतो, पंचक्रोशीत इतकी कडक तयारी दुसरीकडे कुठे होत नाही. अकरावीला बादली, मग हौद, बारावीला थेट तळं. गृहपाठ म्हणून पोरं पिंपात तोंड घालून कविता म्हणतात. कुणाचा बुडबुडा निघाला की त्याला मी काठावर उभं करतो. कोरड्या अंगानं उभं राहायची पोरांना भारी लाज वाटते.

केतकी वाघमोडे माझी लाडकी विद्यार्थिनी. ती उतरली की पाण्याला पत्ताही लागत नसे. चाचणीला ती तळाशी बसून पेपर लिहायची आणि वरून फक्त तिची लाल रिबन सावकाश हलताना दिसायची. बघता बघता माझाच डोळा लागायचा.

बारावीची परीक्षा संपली आणि तिची आई, सुलभाताई, शाळेत आल्या. बाजारात त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. आम्ही प्राचार्या उकिडवेबाईंच्या खोलीत बसलो.

"सर, पोरगी घरात बोलंना झालीय," त्या म्हणाल्या. "बोलाया गेली की धाप लागती. जेवताना मधेच पाण्याच्या पातेल्यात तोंड बुडवून येती."

"मग पेढे वाटा की!" मी म्हणालो. "बाकीच्यांना हे कॉलेजात गेल्यावर जमतं."

"ते झालं चांगलंच. पण दिवाळीला घरी कसं यायचं, ते कधी शिकवता?"

"ते अभ्यासक्रमात नाही."

"का नाही?"

मी अभ्यासक्रमाचं पुस्तक काढून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. खाली गेलेली आमची मुलं शिकली, नोकरीला लागली, तिथंच घरं बांधून राहिली. दिवाळीत आया काठावरून दोरीनं फराळाचे डबे सोडतात आणि रिकामे डबे स्वच्छ घासून वर येतात. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

उकिडवेबाईंनी चष्मा पुसला. "वर येण्याचा तास ठेवायला आमची हरकत नाही. पण त्याला अनुभवी शिक्षक लागेल. कॉलेजात राहून वर आलेलं कुणी आहे का?"

कुणीच नव्हतं. सुलभाताई मान हलवून उठल्या.

प्रवेशाच्या दिवशी केतकी कडक इस्त्रीचा ड्रेस घालून घाटाच्या पायऱ्या उतरली. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर ती मागं वळली. तिला आईला काहीतरी सांगायचं होतं, पण हवेत तिला शब्द फुटेना. मग तिनं तोंड पाण्यात घातलं आणि तिथं ती बराच वेळ बोलत राहिली. आम्हाला नुसतं पाणी हलताना दिसलं. मग लाल रिबनही दिसेनाशी झाली.

"काय म्हणाली हो, सर?"

"ते खाली गेल्याशिवाय ऐकू येत नाही, ताई," मी म्हणालो. मी स्वतः कधी काठावरून खाली उतरलो नव्हतो; माझा विषय असून मला ते सांगता येईना, याचं फार वाईट वाटलं.

नव्या वर्षाची शाळा भरली तेव्हा अकरावीच्या पहिल्या बाकावर सुलभाताई बसल्या होत्या. आमच्याकडे वयाची अट नाही. दुकानात कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याची बादली त्यांनी सोबत आणली होती.

"पोरगी काय म्हणाली ते ऐकून येते," त्या म्हणाल्या. "आणि परत वर येते. मग बाईंना अनुभवी शिक्षक मिळंल."

त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि बादलीत तोंड घातलं. भरपूर बुडबुडे निघाले. वर्ग माझ्याकडे बघत होता. नियमाप्रमाणे मी त्यांना काठावर उभं करायला हवं होतं, पण मी खिडकीतून तळ्याकडे बघत राहिलो.

उकिडवेबाईंनी वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास मोकळा ठेवला आहे. त्यापुढे शिक्षकाच्या रकान्यात मी आत्ताच लिहून टाकलं आहे: वाघमोडेबाई.