कार्डाचा बाप

पैज जिन्यात लागली. जिन्यात लागलेल्या पैजेचं वाईट एवढंच, की ती सगळ्या मजल्यांना ऐकू जाते आणि मग मागे घेता येत नाही.

तळमजल्यावरचा नकाशेवाला कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढायचा. पहिल्या मजल्यावरचा फोटोवाला घरी बसून व्हिडिओ जोडायचा. पडद्यावरची चित्रं भराभर हलवायला दोघांनीही आपापल्या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं, आणि आपलंच कार्ड भारी याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

"माझ्यात बारा जीबी मेमरी, तीन पंखे," फोटोवाला म्हणाला. "तुझ्यात आठ आणि दोन. आता बोल."

"मेमरी म्हणजे कपाट रे. कपाट मोठं असलं म्हणून माणूस कपडे भराभर घालतो का? तुझं कार्ड दुसऱ्याने वापरून टाकलेलं. माझं कोरं. नऊ महिने झाले, आख्खी इमारत लोण्यासारखी फिरते पडद्यावर."

"लाव मग पैज."

ठरलं असं, की हरेल त्याने रविवारी संध्याकाळी फाटकाशी बसून सगळ्यांच्या गाड्या पुसायच्या, आणि गाडीच्या मालकाला ऐकवायचं, 'त्याचं कार्ड माझ्या कार्डाचा बाप आहे.' पंच म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई. बाई रिटायर झाल्या होत्या, पण हातातलं लाल पेन झालं नव्हतं.

"दोन्ही कार्डं एकाच कॉम्प्युटरात लावायची," बाईंनी बजावलं. "पेपर एक, मुलं दोन."

नकाशेवाल्याने छाती फुगवून आपला कॉम्प्युटर पुढे केला. पण आतून त्याला धाकधूक होती, आणि ती काही गाड्या पुसायची नव्हती. त्याच्या ऑफिसचे साहेब याच बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्याच्या शब्दावर साहेबांनी गेल्या महिन्यात ऑफिसातल्या अकरा मशिनांना हेच कार्ड घेतलं होतं. अकराही मशिनांच्या वायरी याने स्वतःच्या हाताने जोडल्या होत्या. सोमवारी मोठं गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

रविवारी सकाळी त्याच्या खोलीत निम्मी बिल्डिंग गोळा झाली. परीक्षा सोपी होती. एका हॉस्पिटलचा नकाशा पडद्यावर गोल फिरवायचा आणि सेकंदाला किती चित्रं निघतात ते बघायचं. आधी नकाशेवाल्याचं कार्ड.

"चौदा," बाईंनी वहीत लिहिलं. "चौदा म्हणजे चांगले का?"

"उत्तम," नकाशेवाला म्हणाला. त्याला काही कल्पना नव्हती.

मग फोटोवाल्याचं कार्ड. ते इतकं लांब निघालं, की डब्यातली हार्ड डिस्क काढून बाहेर सुतळीने टांगावी लागली. "माझ्या शिलाईच्या टेबलावर एक स्क्रू दिसला ना, तर बघा," नकाशेवाल्याची बायको दारातून म्हणाली. नकाशेवाला मागच्या वायरी सोडवायला टेबलाखाली शिरला, आणि तिथेच गार पडला.

पडद्याची वायर कार्डात नव्हतीच. ती वर, मशीनच्या स्वतःच्या भोकात होती. कार्डाच्या भोकांवर कंपनीची रबरी टोपणंसुद्धा तशीच होती. नऊ महिने ते कार्ड घरजावयासारखं आत बसून नुसता पंखा हलवत होतं, आणि लोण्यासारखी जी काय फिरत होती ती इमारत बिचारं मशीन एकटंच फिरवत होतं.

त्याच्या डोळ्यांपुढे ऑफिसातली अकरा मशिनं आली. अकराही वायरी वरच्या भोकात. हे आता सांगावं, तर संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर जाणार. गुपचूप वायर बरोबर जागी लावावी, तर फोटोवाल्याचं कार्ड सुसाट सुटणार आणि आपलं चौदावर राहणार. त्याने दुसरं कार्ड बसवलं, वायर होती तिथेच पुन्हा खुपसली आणि डोक्याला जळमटं घेऊन बाहेर आला.

"चौदा," बाई म्हणाल्या.

फोटोवाल्याने वाकून वहीत बघितलं.

"पुन्हा मोजा," फोटोवाला म्हणाला. चौदा. तिसऱ्यांदाही चौदा.

बाईंनी चष्मा काढला. "मी जन्मभर पेपर तपासलेत. दोन मुलांचं उत्तर इतकं तंतोतंत जुळलं, की मी उत्तर बघत नाही. बाकाच्या मागे बघते." आणि त्या खरंच वाकल्या.

नकाशेवाला मध्ये येऊन उभा राहिला. "मागे धूळ आहे बाई. खोकला होईल तुम्हाला."

"बरं. मग दोन्ही कार्डं काढून ठेव आणि एकदा नुसतंच मोज. शून्य कुठे आहे ते नको का कळायला?"

शून्य कुठे आहे ते नकाशेवाल्याला चांगलं माहीत होतं. ते चौदावर होतं.

"कशाला उगीच," तो म्हणाला. "हरलो मी."

"अरे, बरोबरी आहे."

"कसली बरोबरी बाई. त्याचं जुनं, माझं नवं. म्हाताऱ्याने तरण्याला गाठलं, म्हणजे तरणा हरलाच."

"हे हरलो म्हणाले?" बायको म्हणाली. "सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय. ताप आहे का बघा हो कुणीतरी."

लोक हसत बाहेर पडले. फोटोवाला आपलं कार्ड काढायला टेबलाखाली गेला, जरा जास्तच वेळ आत राहिला, आणि कार्ड पोटाशी धरून जिना चढून गेला. जिंकलेल्या माणसाची चाल ती नव्हती.

संध्याकाळी फाटकाशी बादली आली. गॅलऱ्या भरल्या. नकाशेवाल्याने सहा स्कूटर पुसल्या, सहा वेळा 'बाप' म्हणाला, आणि दरवेळी वरून टाळ्या पडल्या. शेवटी साहेबांची गाडी.

"त्याचं कार्ड माझ्या कार्डाचा बाप आहे, साहेब."

साहेबांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "मग आपली ती अकरा?"

"एक किरकोळ जोडणी राहिलीय. उद्या शिपाई यायच्या आत जातो मी."

"मग पळतील ना?"

"तुम्ही ओळखणार नाही साहेब," तो म्हणाला, आणि चाकामागे तोंड लपवून मडगार्ड घासू लागला.

साहेब वर गेले. फोटोवाला शेजारी येऊन उकिडवा बसला.

"सकाळी तुझी वायर बघितली मी," तो हळूच म्हणाला.

नकाशेवाल्याचा हात थांबला. "मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?"

"म्हटलं आधी घरी जाऊन माझी बघू."

"आणि?"

फोटोवाल्याने चौफेर नजर फिरवली. "दोन वर्षं. कार्डाच्या भोकात कोळ्याने संसार थाटलाय."

त्याने बादलीतलं दुसरं फडकं पिळलं आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला लागला.

"अरे, जिंकलेला का पुसतोय?" बाईंनी गॅलरीतून विचारलं.

"शेजारधर्म, बाई," फोटोवाला मान वर न करता म्हणाला.