नवऱ्याची नावाडीण

मी मत्सरी नाही. अजिबात नाही! माझ्या नवऱ्याकडे कुणी वळून बघितलं, तर मी त्या बाईला चष्मा बदलायचा सल्ला देईन. पण नावाडीण मात्र मला सहन होईना!

नावाडीण ही नवऱ्याच्या व्हिडिओ गेममधली बाई. पुरात बुडालेलं एक गाव, हरवलेल्या भावाला शोधणारा एक प्रवासी आणि त्याची होडी वल्हवणारी ही. प्रवासी म्हणजे अर्थात आमचं ध्यान! ती काही बोलली की पडद्यावर तीन उत्तरं येतात आणि नवरा हनुवटी खाजवत त्यातलं सगळ्यात गोड उत्तर निवडतो. ‘थंडी वाजतेय का? माझी शाल घे.’ शाल! मला मात्र कायम एकच उत्तर.

“चिमणीला दात येतोय रे.”

“हं.”

“मी तिला घेऊन सर्कशीत भरती होतेय.”

“हं.”

वर कौतुक! “अगं, काय भारी गोष्ट लिहिलीय! ही माणसं आपला शब्द न् शब्द लक्षात ठेवतात!” ठेवतात म्हणे. आणि याच्या लक्षात साधं दूध आणायचं राहत नाही!

मी बेत आखला. दुपारी चिमणी झोपली की प्रवासी बनायचं आणि नावाडणीला खडूस उत्तरं द्यायची. संध्याकाळी ती नवऱ्याशी फटकून वागेल. चुटकीसरशी काम!

खरं सांगते, पाणी सुरेख होतं. हात घालावासा वाटावा इतकं! चालणं मात्र महाकंटाळवाणं. या काठावरून त्या काठावर जा, याचा कंदील त्याला दे, त्याची शेळी शोध. हेच करायचं तर माझं घर काय वाईट होतं?

अखेर बाईसाहेब भेटल्या.

“आज उशीर झाला?”

मी तिसरं उत्तर दाबलं. ‘तुला काय करायचंय?’

तिचा चेहरा पडला. मला गुदगुल्या झाल्या!

“ही होडी माझ्या आईची. तिनंच मला वल्हवायला शिकवलं.”

‘तरीच गळतेय.’

तिनं वल्हं खाली ठेवलं, काठावर उतरली आणि धुक्यात चालती झाली. खाली अक्षरं उमटली: ‘नावाडीण हे विसरणार नाही.’ आणि गेमनं ते आपणहून सेव्ह करून टाकलं! मागे जायची सोयच नाही! नवऱ्यानं जपून चालवलेली होडी कपडे धुण्याच्या मशीनसारखी गरगर फिरायला लागली.

“काय बोललीस गं तिला?”

मागे सासूबाई! हातात निवडायची भाजी.

“आई, खेळ आहे तो.”

“असू दे. किती शांत बोलत होती बिचारी. नाहीतर काही जणी...”

म्हणजे आता घरातसुद्धा तीच लाडकी! मी उत्तर देणार, तेवढ्यात चिमणी उठली. तिला मांडीवर घेतलं, तर तिनं कंट्रोलरवर चापट मारली आणि प्रवाशानं कंदील नदीत भिरकावला. सगळा अंधार!

“डावीकडे वळ!” सासूबाई भाजी विसरल्या. “अगं, तुझं डावं! आता माफी माग तिची!”

चाचपडत कसाबसा काठ गाठला. नावाडीण पायरीवर पाठमोरी बसलेली. पडद्यावर तीन पर्याय. ‘चूक तुझीही होती.’ ‘चल लवकर, उशीर होतोय.’ आणि शेवटचा, ‘काही न बोलता शेजारी बसा.’

“गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या. नेहमीचंच, पण या वेळी मी ऐकलं.

प्रवासी तिच्या शेजारी जाऊन टेकला. मग नावाडीण किंचित सरकली.

“फार धावपळ होते ना तुझी? टेक जरा. मी आहे इथं.”

चिमणी झाल्यापासून सगळे मला विचारतात. प्यायली का? झोपली का? शी झाली का? माझ्याबद्दल विचारलं ते कुणी, तर या पडद्यातल्या सवतीनं! सासूबाईंनी भाजीच्याच हातानं डोळे पुसले.

तेवढ्यात नवरा आला.

“अगं, माझी होडी! कंदील कुठाय?”

सासूबाईंनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण तो पडद्यावरचं नावाडणीचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

“मला असं कधीच नाही म्हणाली ती,” तो पडेल आवाजात म्हणाला. “एवढी शाल दिली मी!”

त्याला मत्सर वाटत होता! माझा! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

थोडा वेळ तो फुगून बसला. मग उठला, चिमणीला माझ्या मांडीवरून उचललं आणि माझ्याकडे नीट बघितलं. सुटलेले केस, खांद्यावर चिमणीनं ओकलेलं दूध. हनुवटी खाजवली. शालीच्या वेळी खाजवतो, अगदी तश्शी!

“अगं,” तो म्हणाला, “दमली असशील ना? फार धावपळ होते तुझी.”

हेच! किती महिने मी याच एका वाक्याची वाट बघत होते! फक्त नेमकं त्याच वेळी नावाडणीनं पुन्हा वल्हं हातात घेतलं होतं आणि ती आपल्या आईची गोष्ट सांगायला लागली होती.

“हं,” मी म्हणाले.