सीलबंद डब्यातली बीन

शिवलिंग सर स्वतःची ओळख करून देताना इतिहासाचा शिक्षक हा भाग शेवटी सांगत. आधी नजर सांगत. "मॅडम, माझी नजर पडली की पोरगं परवा काय खाल्लं तेसुद्धा कबूल करतं." नांदेडपासून लातूरपर्यंत असा मेंदू दुसरा नाही, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. त्यांनी आजवर शोधून काढलेली ती एकमेव गोष्ट.

उज्वला मॅडम जळकोटला सरांच्याच हायस्कुलात गणित शिकवत आणि दुसरं कुणी तयार न झाल्यामुळे सरांच्या तपासकामात सहायक होत्या.

वर्गातली मोबाइलबंदी सरांचीच. सोमवारी त्यांनी दहावीच्या वर्गात बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. "आधी गुरूनं त्याग करावा," म्हणत घरी खिळ्याला लटकलेला, त्यांच्या मते केव्हाच मेलेला बटणांचा फोन त्यात टाकला. त्यावर पोरांचे फोन पडले, बंद करून. डब्याला लाख लागली आणि तो कपाटावर चढला.

"हा मुद्देमाल. ह्याला हात लावायचा न्हाई. पालक आले तरच फोन मिळंल. नियम म्हंजे नियम."

मंगळवारी भूमितीच्या तासाला वर्गात बीन वाजली. फोनचीच. वर्गावर पत्रे, आवाज कुठूनही आला तरी सगळीकडून यायचा. बुधवारी ती इतिहासाच्या तासाला वाजली. मुख्याध्यापक अमरेश सरांनी जाहीर केलं, "शनिवारपर्यंत फोन सापडला नाही तर कंधारच्या किल्ल्याची सहल रद्द."

वर्गाचं तोंड उतरलं. सहलीचा शब्द उज्वला मॅडमनी दिला होता.

"वेळ बदलून वाजवतोय," शिवलिंग सर म्हणाले. "म्हंजे डोकं लातूरचं. तिथल्या क्लासवाल्यांचा कट हाय मॅडम. आपली पोरं मेरिटला यायला लागली ना."

"आपली कधी आली?"

"तेच तर. कट जुना हाय."

गुरुवारी त्यांना दहावीतला प्रेम लंगडताना दिसला. बुटात फोन, असा निष्कर्ष निघाला. बुटातून फोड निघाला. मग राजकन्याच्या डब्यातली भाकरी गरजेपेक्षा जाड वाटली. सरांनी ती मोडली, तपासणीपुरती खाल्ली आणि ठेच्याचं बोट डोळ्याला लावलं. ती नजर दुपारभर नळाखाली होती.

"सर, एकदा तो डबा बघू या का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, सील तोडलं तर पुरावा बाद होतो. घरी आईचं तेच. काहीतरी हरवलंय म्हणून मागं लागलीय. म्हटलं, मी मोठी केस करून राहिलो, घरगुती चोऱ्या शेजारच्या सिद्रामप्पाला सांग."

शुक्रवारी चतुराबाई, म्हणजे सरांच्या आई, थेट वर्गातच आल्या. "शिवा, खिळ्यावरचा फोन तू आणलास का रं? सिद्रामप्पानंच नेला म्हणून त्याच्याशी भांडून बसले मी."

सर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बीन वाजली.

"लाईट आली," चतुराबाई म्हणाल्या. "काढा लवकर. चार दिस झाले, हरभरा वाळून चाललाय."

मॅडमनी डबा खाली घेतला आणि सील तोडलं. पोरांच्या मुक्या फोनांखाली तो मेलेला फोन थरथरत होता. बटण दाबताच एक बाई शांतपणे बोलली, "थ्री फेज वीज आली आहे. मोटार सुरू करण्यासाठी एक दाबा."

"एक दाबा सर," अख्खा वर्ग म्हणाला.

एक चतुराबाईंनीच दाबला. तिकडे मळ्यात मोटार सुरू झाली, इकडे अमरेश सरांना सहल सुरू करावी लागली. शिवलिंग सरांनी फोनसाठी हात पुढे केला.

"सर, नियम," राजकन्या म्हणाली. "पालक आले तरच."

"आले की," म्हणत चतुराबाईंनी फोन पदरात बांधला. मग एकदा शाळेत आलोच आहोत, तर सगळंच विचारून घ्यावं म्हणून त्या मॅडमकडे वळल्या. "कसा काय हाय ह्यो?"

सर भिंतीला टेकून उभे होते. उज्वला मॅडमनी जरा विचार केला.

"हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पण वर्गात लक्ष नसतं."