कुठून, कशाने, कशासाठी

आमच्या शेजारच्या गुप्तेकाकांकडे पाहुणा आला की आधी पाणी मिळत नसे, आधी तीन प्रश्न मिळत. कुठून आलात? कशाने आलात? कशासाठी आलात? तिन्हींची उत्तरं झाली की मगच काकू तांब्या घेऊन बाहेर येत.

काका रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत होते. ठाण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता रुंद करायचं निघालं, तेव्हा त्यांनी माजिवड्याच्या नाक्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हेच तीन प्रश्न विचारले होते. ट्रकवाले, रिक्षावाले, सायकलवाले, कुणी सुटलं नाही. डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या एका कोळणीला 'कशासाठी' विचारलं, तर ती म्हणाली, "म्हावरा इकाला. तं काय नाचाला?" काकांनी तेही गंभीरपणे टिपून घेतलं. साहेबांच्या आराखड्यात नुसत्या मोटारी. काका मात्र पायी चालणाऱ्यापासून होडीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी भांडत. "सगळी साधनं धरून बोला," हे त्यांचं पालुपद.

काम संपलं, खोड राहिली. माझ्या लग्नात ते हौसेने कार्यालयाच्या दारात उभे राहिले. 'कशासाठी आलात' हे ऐकून माझ्या बायकोचे मामा अक्षता न टाकताच परत निघाले. त्यांची समजूत घालता घालता मुहूर्त टळायची वेळ आली होती.

माझी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत. काका मला जिन्यात गाठत. आगगाडी बंद पडली तर ठाण्याला घरी येशील कसा? पडेल तेव्हा बघू म्हटलं की चिडत. मग तोच धडा: मोठागावच्या बंदरावरून होडीने खाडी ओलांडायची, माणकोलीला हमरस्ता गाठायचा, तिथून एसटीने ठाणे. हा धडा त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा म्हणून घेतला की बायको मला होडीवाला म्हणू लागली.

एकदा काकूंनी हळूच सांगितलं, "तो रस्ता तुझ्यासाठी नाही रे." त्यांची सुनंदा डोंबिवलीत राहत होती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून काकांनीच तिला घराचे दरवाजे बंद केले होते, आणि आता 'ये' म्हणायला जीभ रेटत नव्हती. मला फार वाईट वाटलं. काकूंकडून पत्ता घेऊन मी सुनंदाच्या घरी गेलो आणि तो सगळा धडा तिला म्हणून दाखवला, होडीसकट. ती आधी खूप हसली, मग रडली.

त्या वर्षी गौरी आणायच्या दिवशीच नेमक्या गाड्या बंद पडल्या. संध्याकाळी आम्ही शेजारी काकांकडे जमलो होतो, काकू दारात रांगोळीची पावलं काढत होत्या, आणि जिना चढून सुनंदा आली. साडीचा काठ चिखलाने भरलेला.

काका उठून दारापाशी गेले.

"कुठून?"

"डोंबिवलीहून."

"कशाने?"

"होडीने. मग एसटीने, बाबा."

आता तिसरा प्रश्न येणार होता. काकांचे ओठ हललेसुद्धा. पण ते आत गेले, स्वतः तांब्या भरून आणला आणि खाली वाकून तिच्या चिखलाच्या पायांवर पाणी घालू लागले.