टाळक्यातला टोला

हैबतीची आय जाऊन चौदा दिवस झाले होते, आणि हैबती न्हाणीतल्या दगडावर बसून तोंडाला मुंबईचा वासाचा साबण फासत होता. बहीण आवडी सकाळीच बिरवाडीला, सासरी निघाली होती. तिला एस.टी.त बसवायला बायको साळूबाई सडकेवर गेलेली. घरात चिटपाखरू नव्हतं. आंबेनळी घाटाकडून उतरलेलं धुकं न्हाणीच्या कुडापर्यंत आलं होतं.

हैबतीच्या मनात एकच काटा सलत होता. मरताना म्हातारीनं बजावलं होतं, "माजी पुतळ्यांची माळ आवडीला दे." यानं ती भाताच्या कणगीत दडपली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भाऊबंद विचारून थकले, "म्हातारीचं कायतरी ऱ्हायलंय का रे?" हैबती म्हणाला, "नाय बा." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आता डोळ्यांत साबण गेला आणि चाचपडूनही तांब्या सापडेना. तेवढ्यात नाकात मशेरीचा वास शिरला. आयच्याच मशेरीचा! अंगणापलीकडच्या ओट्याकडून 'थू' असा आवाज आला, हुबेहूब म्हातारीचा.

"कोन हाय?"

"हूं," एवढंच उत्तर आलं.

आणि टाळक्यात तांब्याचा टोला बसला, टण्ण! मग तोच गार तांब्या हातात आला. डोळ्यांत साबण गेला की आय त्याला लहानपणापासून असाच टोला हाणून पाणी द्यायची.

हैबतीची बोबडी वळली. "आये, चुकलो गो! माळ कणगीत हाय! आजच देतो आवडीला, पर तू जा!"

कसंबसं तोंड धुऊन त्यानं कुडावरून डोकं काढलं. ओट्यावर आवडी बसली होती, तोंडात मशेरी, डोळे वटारलेले. ती थुंकली.

"आयची मशेरीची डबी इसरले म्हनून वैनीला सडकेवर ठेवून परत आले. तोंडात मशेरी, बोलनार कशी? पर माळ कणगीत? मला तर म्हनालास, आयच्या दुखण्यात मोडली!"

हैबतीनं ओलेत्यानंच जाऊन माळ आणली आणि तिच्या ओंजळीत टाकली. जीव हलका झाला, तसा राग आला.

"माळ पायजे तर माग ना! टाळक्यात टोला कशाला हानलास?"

"कंचा टोला? मी ओट्यावरनं उठले तरी काय?"

दोघांनी अंगणाकडे पाहिलं. सारवलेल्या ओल्या अंगणात न्हाणीकडे गेलेली पावलं एकट्या हैबतीचीच होती.

हैबतीनं धुक्याला हात जोडले, "दिली गो आये." मग न्हाणीत जाऊन त्यानं उरलेला साबण आणला आणि आवडीच्या हातात कोंबला.

"ह्यो पन घेऊन जा."