एकनंतर दहा

पसारा आवरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या वेधशाळेत कुणी नाही. हे मीच सांगतो. दुसरं कुणी सांगत नाही. त्यामुळे आमच्या संशोधक मॅडम रजेवर गेल्या तेव्हा मी त्यांच्या कच्च्या फाइली आवरायला घेतल्या.

आमचं यंत्र ताऱ्याच्या प्रकाशाची कंपनं एका दिशेला किती झुकलीत ते मोजतं. त्यासाठी एकेका ताऱ्याचे ओळीने चार फोटो, दर वेळी आतली काच जराशी फिरवून. चार मिळून एक उत्तर. फाइलींना नावं मात्र नुसती एक ते सहाशे चाळीस. मी संगणकाकडून यादी घेतली, त्याच क्रमाने सगळ्यांना सुबक नवी नावं दिली आणि जागा अडू नये म्हणून जुनी प्रत पुसून टाकली.

सोमवारी मॅडमनी गणित चालवलं. ज्या ताऱ्याकडून शून्य यायचं, त्याने चाळीस टक्के दिले! वेधशाळेचे प्रमुख असलेले सर खुर्चीतून उठले ते बसेचनात. शोध जाहीर करायला त्यांनी सगळ्यांना तीन वाजता हॉलमध्ये बोलावलं.

मी यादी पुन्हा चाळली. संगणकाने आकडे शब्दांसारखे, पहिल्या अक्षरावरून लावले होते. एकनंतर दहा, मग शंभर, मग एकशे एक. दोन बिचारा एकशे बाराव्या जागी. चार भलत्याच ताऱ्यांची मी एक मोट बांधली होती.

पावणेतीन. दोनदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा आत शिरलो आणि सगळं ओकलो.

"जुनी प्रत?"

"पुसली."

मॅडमनी डोळे मिटले. मग एक फाइल उघडली. वरच्या ओळींत यंत्राने स्वतःच लिहिलं होतं: कुठला तारा, किती वाजता, काच किती अंशांवर. त्यावरून दहा मिनिटांत सगळे तारे आपापल्या घरी गेले. उत्तर शून्य.

"आता सरांना तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

सांगितलं. तेव्हा कुठे सर खुर्चीत बसले. "म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही, सर."

पण हॉल भरला होता. मग सरांनी फळ्यावर आकृत्या काढून 'कच्च्या फाइलींना हात का लावू नये' यावर तासभर व्याख्यान दिलं. उदाहरण पहिल्या रांगेत बसलं होतं.

लोक पांगल्यावर तेवढीच मदत म्हणून मी फळा पुसायला उठलो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आधी मला फोटो काढून घेऊ द्या."