अध्यक्षांच्या खांद्यावर झालेल्या तहाची हकीकत

विद्या राखणें आणि फरशी राखणें, ही दोन्ही कामें एकाच संस्थेकडे असतां फरशी जिंकते, हा जगाचा रिवाज. त्या रिवाजास एके बुधवारी, पाचव्या तासास, बाध आला. कैसा आला, कोणी आणिला आणि कोणाची किती फजिती जाहली, तें यथास्थित लिहून ठेविलें आहे. कां की थोरांची फजिती लोक लवकर विसरतात आणि थोर तर त्याहून लवकर विसरतात.

शाळेचे मागील अंगास एक बाग होती. बाग म्हणजे काय, एक जुनें झाड, चार वाफे आणि एक गळका नळ. परंतु विज्ञान शिकविणाऱ्या बाईंचा जीव त्या मुलखावर जडला होता. पाचवीच्या पोरांकडून सजीवांचीं लक्षणें फळ्यावरून घोकवितां घोकवितां बाईंचा घसा बसला, आणि पोरें जांभया देऊं लागलीं, आणि एकाने तर परीक्षेंत 'जांभई देणे' हेंही सजीवाचें लक्षण म्हणोन लिहिलें, आणि बाईंनी त्यास गुण दिले. मग बाईंनी मसलत केली की पोरांस जीव डोळां दाखवावा. दर आठवड्यास एक तास बागेंत मिळावा म्हणोन अर्ज गुजरला. तो मुख्याध्यापकांनी 'विचाराधीन' असा शेरा मारून परत धाडिला. पुन्हा गुजरला, पुन्हा परत आला.

कारण उघड होतें. संस्थेचे अध्यक्ष, अखंडफरशीमंडित, गोदामाधिपति, यांची नजर त्याच भूमीवर होती. धंदा फरशांचा, माल पडून राहिलेला आणि मोटार रोज उन्हांत उभी; सबब बाग उखडून झाडाच्या सावलींत मोटारीपुरती फरशी घालावी हा इरादा पक्का. तरी लोकलाजेस्तव फर्मान सुटलें की बुधवारी खासा स्वारी येऊन बागेंतील तास पाहील. पोरें कांही शिकलीं तर बाग राहील, न शिकलीं तर गुरुवारीं फरशी.

हें ऐकतांच मुख्याध्यापकांचें धाबें दणाणलें. हे गृहस्थ वरिष्ठांपुढे लवण्यांत ऐसे निष्णात की त्यांस पाठीचा कणा आहे किंवा कसें, हा जीवशास्त्राचाच प्रश्न. साहेबांचे दृष्टीस किडामुंगी पडूं नये म्हणोन माळ्यास ताकीद जाहली, आणि माळ्याने औषध फवारिलें, फिनेल ओतिलें, पालापाचोळा जाळिला, कुंड्या धुतल्या. सजीव पाहण्याच्या मोहिमेपूर्वीच समस्त सजीव निकालांत निघाले. मात्र माळ्याचा हात जेथवर पोहोचला तेथवरच हुकुमाचा अंमल. झाडाचा शेंडा स्वतंत्र राहिला. मग शोभेकरितां प्लास्टिकचीं फुलपाखरें टांगलीं आणि शिस्तीकरितां पत्रक काढिलें की, बागेंतील कोणत्याही जिवास माननीय अध्यक्षांच्या लेखी परवानगीवांचून हात लावूं नये, काडी लावूं नये, जागचें हलवूं नये.

बुधवार उजाडला. पोरांची फौज भिंगें व वह्या परजून बागेंत उतरली आणि क्षणांत हिरमुसली.

"बाई, या फुलपाखराच्या पोटाला स्क्रू आहे!"

"गांडूळ पण नाही हो. नुसता दवाखान्यासारखा वास येतोय."

बाईंनी वाफा उकरून पाहिला, कुंडी उचलून पाहिली, खालीं एक किडाही नाही. अध्यक्ष खुर्चीतून वदले, "काय हो बाई, यापेक्षा तुमचा फळा बरा. डोक्यावर पंखा तरी असतो." विनोद पुरा होण्याआधींच मुख्याध्यापक हसले. मग ऊन लागूं लागलें म्हणोन साहेबांनी खुर्ची झाडाखालीं घेवविली, आणि तेथें ऐसपैस बसून डोळ्यांनीच जमीन मोजूं लागले.

तोंच शेंड्यावरून एक केसाळ सुरवंट, कोणाचे बोलावण्यावांचून, साहेबांच्या डाव्या खांद्यावर उतरला.

"सापडला!" ऐसा एकच गलका जाहला आणि फौजेने साहेबांभोंवतीं वेढा घातला.

"काका, हलू नका हां, मी वहीत त्याचं डोकं काढतेय."

"मागचे पाय खरे नसतात ना, बाई?"

"खरे पुढचे. मागच्यांनी तो नुसता धरून ठेवतो," बाई म्हणाल्या. "नीट बघा, आत्ता सदरा धरलाय."

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "अहो, चावतो का हा?"

"चावत नाही," एक चिमुरडी भिंग न हलवितां म्हणाली, "पण केस टोचतात. माझी आत्या आठवडाभर खाजवत होती."

"अगं, मग काढ ना!"

"अहो बाई, बघताय काय? काढा तो!" मुख्याध्यापक ओरडले.

"कसा काढू, सर? लेखी परवानगी नाही. तुमचंच पत्रक आहे."

"आणा, आणा कागद!" साहेब दांतओठ न हलवितां बोलले.

बाईंनी पर्समधून तोच परत आलेला अर्ज काढिला. दर बुधवारी बागेंत तास, जिवांस पाहण्याची व हाताळण्याची मुभा, आणि बाग आहे तैसीच राखणें, ऐसीं कलमें साहेबांनी वाचिलीं. न वाचावीं तर भय, वाचावीं तर सुरवंट कॉलरपाशीं. इतक्यांत बाईंनी पेन उघडिलें.

"आता आणखी काय लिहिताय?"

"फवारणी बंद, एवढंच. एकच ओळ, साहेब. आणि सही पूर्ण करा हं, नुसती आद्याक्षरं कचेरीत चालत नाहीत."

कागदास टेकू नव्हता. मुख्याध्यापक संवयीने लवलेच होते. त्यांचे पाठीवर कागद ठेवून सही जाहली. मग चिमुरडीने पान पुढे केलें, आणि सुरवंट आपल्या चालीने, कोणाची भीड न धरितां, पानावर चढला, आणि पोरांनी त्याचें चालणें शेवटच्या पावलापर्यंत पाहिलें, आणि साहेबांनी श्वास सोडिला. तह पुरा जाहला. गुरुवारीं फरशी आली नाही.

तरी फत्तेची नोंद करावयाची तर खरी करावी. मुलूख हातीं आला तो ओसाड आला. पुढील बुधवारीं पोरांनी माती चाळिली, कांही नाही. त्यापुढील बुधवारींही नाही. मग तिसऱ्या खेपेस नळाच्या ओलीपाशीं मुंग्यांची एक बारीक रांग दिसली. बाईंनी साडीचा घोळ आवरून चिखलांत गुडघे टेकले, आणि पोरें शेजारीं पालथीं पडलीं, आणि तास संपल्याची घंटा जाहली तरी एकही उठलें नाही. बाग फत्ते जाहली ती या दिवशीं. सहीच्या दिवशीं नव्हे, ऐसें लिहून ठेविलें.